धुतलेल्या सदऱ्याखाली

आज सकाळी एसटीची खिडकी उघडी होती आणि घाटंजीच्या अलीकडे तो वास आत आला. थोडा रॉकेलसारखा, थोडा सडक्या लसणासारखा, आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर, जे जिभेच्या मुळाशी जाऊन बसतं. दोन्ही बाजूंना पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या धरलेली कपाशी, आणि तिच्यात पाठीवर पंप बांधलेली माणसं कमरेपर्यंत बुडालेली. बसमधल्या बाया लेकींच्या सासरचं बोलत होत्या. कोणी नाक मुरडलं नाही. रोजचा वास नाकाला कळत नाही. मला मात्र तो दरवर्षी नव्यानं कळतो, आणि दरवर्षी मी मनात म्हणते, आलास का? मीपण आहे अजून.

मोठ्यानं म्हणत नाही. मोठ्यानं मी फारसं काहीच म्हणत नाही. चारचौघांत कोणी नाव विचारलं तरी माझे डोळे आधी स्वतःच्या पायांकडे जातात. वहीत लिहिताना बरं वाटतं, कारण वही माझ्याकडे बघत नाही.

मी दवाखान्यात झाडूफरशीचं काम करते, कॅज्युअल्टीत. म्हणजे अचानक पडलेलं, चावलेलं, बेशुद्ध झालेलं माणूस पहिल्यांदा जिथं आणतात त्या खोलीत. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथं मला सगळे मावशी म्हणतात, माझ्याहून मोठे आहेत तेसुद्धा.

त्या खोलीत हंगाम दारातून चालत येतात. उन्हाळ्यात चक्कर आलेले मजूर येतात, पेरणीच्या दिवसांत साप चावलेले. आणि पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत फवारणीवाले. वर्ष कोणतं चाललंय ते मला कॅलेंडरपेक्षा फरशीवरून लवकर समजतं. सापाच्या दिवसांत फरशीवर चिखल असतो. फवारणीच्या दिवसांत फरशीवर लाळ असते.

ज्या वर्षाचं लिहायला बसले, त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पाऊस थांबून थांबून पडला आणि झाडं उंच झाली. उंच कपाशीत फवारणारा माणूस नळी वर धरतो. वर गेलेला फवारा वाऱ्यानं नाही, तर आपल्याच वजनानं खाली येतो. तोंडावर, मानेवर, छातीवर. पाठीवरचा पंप गळत असला तर कण्यावरून धार जाते. तोंडाला बांधलेला रुमाल घामानं ओला होतो, श्वास कोंडतो, मग माणूस तो काढून खिशात ठेवतो. हे मी शहरातल्या बाईसारखं ऐकून लिहीत नाही. माझा भाऊ दिलीप फवारणीच्या रोजानंच जायचा.

दिलीपचं आधी लिहावं लागेल. ते तोवर मी माझ्या तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं.

तो दुपारी बांधावरून घरी आला तो तोंडाला लाळ आणि अंगाला घाम घेऊन. डोळ्यासमोर धूर आहे म्हणाला आणि दारात बसला. शेजारच्यानं ऑटो आणला. सगळे चला चला करत होते आणि मी म्हटलं, थांबा. मी आत गेले आणि त्याचा पांढरा सदरा काढला, नागपूरला विजयादशमीला जाताना घालायचा तो. घडीचा, निळीत धुतलेला. त्याच्या फवारणीच्या बनेनवरून तो चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, केस विंचरले. मग गेलो.

आता कुणी म्हणेल, किती अडाणी बाई. पण आमच्या घरात धुतलेला कपडा म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. माझ्या आईला तिच्या लहानपणी एका दवाखान्याच्या ओट्यावर लांब उभं राहा म्हटलं होतं. तिनं ते आम्हाला एकदाच सांगितलं, पण त्यानंतर आयुष्यभर आम्हाला डाग असलेल्या कपड्यात गावाबाहेर जाऊ दिलं नाही. साहेबलोकांसमोर जायचं तर असं जायचं, की त्यांना बोट दाखवायला जागा मिळू नये. दिलीपला मी तसंच नेलं. बोट दाखवायला जागा नव्हती, आणि जे बघायला हवं होतं ते मीच झाकून ठेवलं होतं.

दोन दिवस त्याला इंजेक्शनं चालू होती. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली, ती औषधानं मोठी व्हायची, तो मला ओळखायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा बारीक. डॉक्टरही म्हणायचे, विष उतरल्यासारखं होतं आणि परत का चढतं? मी बाजूला बसून त्याच्या सदऱ्याची घडी सारखी करत होते. दुसऱ्या दिवशी वॉर्डातली एक म्हातारी आया अंग पुसायला आली. तिनं बटणं काढली आणि मागं सरकली. आतली बनेन हिरवट-पिवळी, छातीला चिकटलेली. विष दोन दिवस तिथून आत जात होतं, आणि वर माझा निळीतला सदरा होता.

दिलीप वाचला. त्याचा उजवा हात अजून थरथरतो, चहा बशीत सांडतो. पाहुणे आले की तो सांगतो, बहीण मले नवरदेव करून धाडत होती वरती. सगळे हसतात. मीही हसते. त्याला वाटतं मला हे लागत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मला कॅज्युअल्टीत काम लागलं, आणि तो उंच कपाशीचा हंगाम आला.

तेव्हा तिथली रीत अशी होती. माणूस आला की आधी खिडकीवर नाव, गाव, वय. विषाचा संशय असेल तर पोलिसांचा कागद. मग खाट, मग डॉक्टर, मग सुई. कपडे वॉर्डात गेल्यावर बदलायचे, स्वच्छ दिसले तर तेही नाही. भिंतीवर इंग्रजीतला एक छापील कागद चिकटवलेला होता. मोठ्या सिस्टर म्हणत, त्यात लिहिलंय की विषाचे कपडे लगेच काढा आणि अंग साबणानं धुवा. कागद खरा होता. पण धुवायचं कुठं, कुणी, कशानं, हे कागदात नव्हतं. दोन सिस्टर, एक डॉक्टर मॅडम आणि दारात एकामागून एक ऑटो. मॅडम नव्या होत्या, कोल्हापूरकडच्या, वयानं लहान. दुपारचा डबा संध्याकाळी तसाच परत नेताना मी त्यांना पाहिलंय. त्यांच्यावर मी बोट ठेवणार नाही.

मी फक्त फरशी पुसत होते आणि बघत होते. ज्यांच्या घरच्यांनी बांधावरच अंगावर पाणी ओतून आणलं ते लवकर उठायचे. जे झाकून, गुंडाळून, नीटनेटके आणले ते पडून राहायचे. कोपऱ्यात टाकलेले कपडे उचलताना माझंच डोकं गरगरायचं, हात पुसला तरी जळजळ जायची नाही. मग मी हातमोजे घालून कपडे पिशवीत भरून तोंड बांधू लागले. एक बादली, साबण आणि टमरेल दाराशी ठेवू लागले. कुणी विचारलं नाही. झाडूवालीच्या बादलीकडे कोण बघतं.

आणि एका दुपारी सुभाष आला.

तिशीतला माणूस, स्वतःच्याच शेतात फवारणारा. दोन जणांनी धरून आणला. बरोबर त्याची बायको रंजना. अंगात पोळ्याला घेतलेला नवा कोरा सदरा, दुकानातली घडी अजून उमटलेली. त्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं. माझ्या हातातला पोछा तिथंच थांबला.

मॅडमनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि फवारणी केली का विचारलं. बरोबरचे म्हणाले, नाही जी, ताप असंन. मॅडम म्हणाल्या, हे विष आहे. तेव्हा रंजना हळू आवाजात म्हणाली, "माह्या माणसानं काही पेलं नाही. तसं लिहू नका."

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आमच्याकडे विष हा शब्द निघाला की गाव एकच अर्थ लावतं. मग घरात काय भांडण होतं, बायको कशी होती, सगळं निघतं. म्हणून लोक फवारणी लपवतात. चक्कर म्हणतात, ताप म्हणतात. मॅडम समजावत होत्या की प्यायलं असं कोणी म्हणत नाही, कातडीतूनही जातं. पण तिच्या कानात ते शिरत नव्हतं. सुई चालू झाली. सिस्टर कपडे काढायला वाकल्या तर रंजनानं दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली. हे कपडे सकाळीच घातले, स्वच्छ आहेत, एवढ्या माणसांत त्यांना उघडं करू नका, म्हणाली. तेवढ्यात दुसरा ऑटो लागला आणि सिस्टर आणि मॅडम तिकडे धावल्या.

खाटेजवळ मी राहिले आणि ती राहिली.

त्याची बाहुली मोठी झाली. मी बघत होते. तो बायकोला काहीतरी पुटपुटला. मग बाहुली पुन्हा बारीक होत गेली, आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली. मला पुढचं सगळं माहीत होतं. ते थांबवायचं तर तोंड उघडावं लागणार होतं, आणि तोंड उघडलं तर दिलीपचं सांगावं लागणार होतं. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. मॅडमजवळ शिक्षण होतं, सिस्टरजवळ हुद्दा होता. माझ्याजवळ फक्त माझी चूक होती.

"बाई," मी म्हटलं, "आत कोणती बनेन हाय?"

तिचे डोळे खाली गेले.

"मी बी असाच सदरा घातलता. माह्या भावाले. गयापर्यंत बटना लावल्या. दोन दिवस तो आतल्या आत मरून राह्यला, आन् मी बाजूले बसून वरची घडी सारखी करत होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग? गेला का तो?"

"नाही. आता मले शिव्या देते."

तिच्या तोंडावर काय आलं ते हसू होतं की रडू, मला सांगता येत नाही. पण हात सुटले. बटणं काढायला मी थांबले नाही. पट्ट्या कापायची कात्री होती ती नव्या सदऱ्यातून खालपासून वर चालवली. रंजना म्हणाली, पोळ्याचा हाय व. म्हणाली, पण कात्री धरली नाही. आतली बनेन पाहून तिनं पदर नाकाला लावला.

मागच्या उतारावर स्ट्रेचर धुवायचा नळ आहे, हिरवा पाईप लावलेला. वॉर्डातल्या दोन कामगारांना मी हाक मारली. मी हाक मारली याचंच त्यांना नवल वाटलं असेल, कारण ते लगेच आले. सुभाषला उतारावर नेलं. मी साबण लावत होते तेव्हा मॅडम पळत बाहेर आल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी सलाईनची बाटली एका हातानं उंच धरली, दुसऱ्या हातानं त्याची नाडी, आणि म्हणाल्या, "केसांना लावा मावशी. नखांतसुद्धा. कानांमागं राहिलंय."

सुभाष सहा दिवसांनी पायांनी चालत घरी गेला. जाताना रंजना माझ्याजवळ उभी राहिली आणि मग त्याच्यामागं निघाली.

त्या दिवसापासून मॅडमनी सांगून टाकलं, फवारणीचा माणूस आला की सरळ उतारावर. एकच वेगळं: श्वास अडकत असेल तर तोंडात नळी आणि अंगावर पाणी एकाच वेळी, कशासाठी काही थांबवायचं नाही. कपडे पिशवीत, मोजे प्रत्येकाच्या हातात. यंत्र एकही नवं आलं नव्हतं. आधी काय आणि मग काय, एवढंच बदललं होतं.

ते टिकू देतील असं वाटलं होतं. दहा-बारा दिवसांत तक्रार आली. एका घरच्या माणसाला उतारावर उघडं करून धुतलं, कुणीतरी फोनमध्ये काढलं, आणि ते गावभर फिरलं. मोठे साहेब आले. सगळ्यांसमोर म्हणाले, दवाखाना आहे की न्हाणीघर? मॅडम कागद दाखवत होत्या, भिंतीवरचाच. साहेब म्हणाले कागद वॉर्डासाठी आहे. पाईप काढून कुलपात ठेवला. आमच्या सुपरवायझरनं मला वरच्या मजल्यावरच्या संडासांवर टाकलं आणि वर सांगितलं, मावशी, तुमचं काम फरशी, पेशंट नाही. मी मान खाली घालून ऐकलं. मान खाली आहे म्हणजे हिनं मानलं, असं त्यांना वाटलं.

मी वरचे संडास घासले. एवढे स्वच्छ घासले की त्यांना बोलायला जागा राहू नये. आणि खाली ऑटोचा हॉर्न वाजला की मी दोन बादल्या भरून जिन्यानं खाली यायची. पाईप कुलपात होता, पाणी कुलपात नव्हतं. मोठ्या सिस्टर मला पाहून न पाहिल्यासारखं करायच्या आणि मोजे टेबलाच्या कडेला ठेवून जायच्या. सुपरवायझरनं तीनदा पकडलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, काहून ऐकत नाही तुम्ही? मी म्हटलं, "पायऱ्या पुसून राह्यली जी. पाणी सांडलं." जिना खरंच ओला होता.

पण त्या तक्रारीचं एक मला लागलं होतं. तक्रार करणारा चिडला ते खोटं नव्हतं. अंग धुणं जसं खरं, तसं चारचौघांत उघडं पडणंही खरं. आमची लोकं सदरा घालून आणतात ते काही वेडेपणानं नाही. ज्याला जन्मभर कुणी नीट पाहिलं नाही त्याला निदान दवाखान्यात तरी नीट दिसायचं असतं. मी त्यांचा सदरा कापत होते आणि बदल्यात काय देत होते? एक ओली चादर.

मग मी सिस्टरकडे बाद झालेल्या चादरी मागितल्या. मागितल्या म्हणजे चादरींच्या ढिगाजवळ उभी राहिले, त्यांना समजलं. दिलीपची बायको, माझी वहिनी, आणि मी घरी बसून त्यांचे ढगळ अंगरखे शिवले, समोरून उघडे, नाड्यांचे, पडलेल्या माणसालाही चढवता येतील असे. दिलीप थरथरत्या हातानं नाड्या ओवत होता आणि म्हणत होता, मले पयलेच असा शिवून दिला असता तर नागपूरले घालून गेलो असतो. सलाईनच्या दोन जुन्या स्टँडना माझं लुगडं बांधून आडोसा केला. बायांना आत बाया धुणार, पुरुषांना पुरुष. आणि धुतल्यावर लगेच अंगात कोरडा, इस्त्रीचा अंगरखा. इस्त्रीवर मी अडून बसले. वहिनी म्हणाली, बेशुद्ध माणसाले इस्त्री कायले? मी म्हटलं, त्याले नाही, त्याच्या बायकोले दिसली पाह्यजे.

त्यानंतर कॉलर धरणाऱ्या बाया कमी झाल्या. अंगरखा आधी त्यांच्या हातात द्यायचा, मग कात्री काढायची. एवढंच करायचं. मोठ्या सिस्टरनी पुढच्या आठवड्यात साहेबांना सांगितलं की स्ट्रेचर धुवायला पाईप लागतो, आणि पाईप परत आला. मला खाली परत बोलावल्याचा कागद कुणी काढला नाही. वर पाठवल्याचाही कुणी काढला नव्हता. मी फक्त एक दिवस वर गेले नाही.

मॅडमची मुदत संपली तेव्हा त्या म्हणाल्या, मावशी, पुढच्या वर्षी नवीन लोक येतील, तुम्ही त्यांना सांगा. मी नुसती मान हलवली. मध्ये एकदा पडद्यावर चित्रं दाखवून शिकवणारे लोकही आले होते, अचानक आलेल्या पेशंटची सेवा कशी सुधारायची ते सांगायला. चांगलं सांगत होते. मी दाराबाहेर पायरी पुसत ऐकलं. शेवटी त्यांनी कुणाला काही सुचवायचं आहे का विचारलं. मी आत गेले नाही. ते मला जमत नाही आणि जमलं नाही म्हणून मी स्वतःला मारूनही घेत नाही. बोलणारे बोलतात. मला पाईप धरता येतो.

दरवर्षी नवे चेहरे येतात आणि दरवर्षी कुणालातरी उतारावरचं लुगडं खुपतं. दवाखान्याची शोभा जाते म्हणतात. एकदा स्टँड भंगारात गेले होते, मी भंगारातून आणले. एकदा चादरी जाळायला काढल्या, त्या मी आदल्या दिवशीच नेल्या होत्या. या एवढ्याशा आडोशासाठी मी जेवढं खोटं बोलले तेवढं बाकीच्या अख्ख्या जन्मात बोलले नाही, आणि त्यातल्या कशाचीही मला लाज नाही.

आज बसमधून उतरून दवाखान्यात पोचले तेव्हा डबा ठेवायचा होता अजून. उतारावर ऑटो उभा. आत या हंगामाचा पहिला माणूस, पन्नाशीचा, तोंडाला फेस, अंगात फुलबाह्यांचा धुतलेला सदरा. बाजूला त्याची सून, तिच्या हातात मी आधी अंगरखा दिला. नवे डॉक्टर त्याचा श्वास बघून म्हणाले, चालू आहे, करा लवकर. सदरा कापला. आडोसा ओढला. वॉर्डातल्या दोघांनी त्याला धरलं.

तेवढ्यात खिडकीवरचा नवा क्लार्क आडोशाच्या आत आला. हातात कॉम्प्युटरवर भरायचा कागद, पायात चकचकीत बूट. या महिन्यापासून नाव चढल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही असा हुकूम आहे, म्हणाला. सुनेला विचारू लागला, पूर्ण नाव, आधारवरचं. तिला सासऱ्याचं नाव तोंडानं घेता येईना, ती माझ्याकडे बघू लागली. डॉक्टर क्लार्ककडे बघू लागले. सगळे थांबले. तेवढ्या वेळात त्या माणसाच्या छातीवर विषाचा थर तसाच चमकत होता.

मी पाईप उचलला. "भाऊ, बाजूले व्हा. बूट भिजतीन."

"मावशी, आधी नोंद. नियम आहे."

मी पायांकडे पाहिलं नाही. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "नाव मंग लिहा. पयले हा राह्यला पाह्यजे."

तो हलला नाही. मी नळ सोडला.